मदत हवी आहे: हळदीचे पैसे बँकेत अडकलेत, 'सँक्शन्स हिट' म्हणतात

हळदवाला_सांगली
तातडीने मदत हवी. दुबईच्या गिऱ्हाइकाला एक कंटेनर पाठवला. माल पोचला, त्याने पैसेही सोडले. बँक म्हणते, निर्बंधांच्या (सँक्शन्स) यादीतल्या नावाशी नाव जुळलंय, चौकशी चालू आहे. १८ दिवस झाले. अमेरिकेच्या निर्बंध यादीत गिऱ्हाइकाचं नाव मी स्वतः शोधलं, नाहीये. शेतकरी रोज दारात येतात. काय करू?

निवृत्त_बँकवाला
पैसे कुठल्या चलनात? स्विफ्टची, म्हणजे पैसे पाठवल्याच्या बँक-संदेशाची, प्रत मागितली का? आणि 'होल्ड' (चौकशीपुरते थांबवलेले) की 'ब्लॉक' (गोठवलेले)? नुसतं नावाचं साम्य असेल तर कागद दिल्यावर सुटतात. ब्लॉक झाले तर अमेरिकन बँकेत गोठतात, ओफॅकच्या (निर्बंध राबवणारं अमेरिकेचं कार्यालय) परवान्याशिवाय हलत नाहीत.

स्वदेशी७७
भारत फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो. अमेरिकेला विचारतं कोण? रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये रुपयात व्यवहाराची सोय केली आहे. रुपयात घ्या.

निर्यात_डेस्क
निघालेल्या पैशाला हा सल्ला काय कामाचा? डॉलर असतील तर ते न्यूयॉर्कच्या बँकेतून फिरून येतात, तिथे त्यांचाच कायदा. १९७७ च्या आयईईपीए (आणीबाणीतले आर्थिक अधिकार) कायद्याखाली राष्ट्राध्यक्ष आणीबाणी जाहीर करून आदेश काढतात, त्यानुसार अर्थखात्याचं ओफॅक नावं यादीत घालतं. यादीला ठरलेला वार नाही, एकाच आठवड्यात दोनदाही बदलते. न्हावाशेवाहून बोट निघाली तेव्हा नसलेलं नाव पैसे येईपर्यंत चढलेलं असू शकतं.

मसालाप्रेमी
राजापुरी की सेलम? किरकोळ मिळेल का?

हळदवाला_सांगली
राजापुरी. किरकोळ नाही. डॉलरच आहेत, बँक 'होल्ड' म्हणते. एक सांगायचं राहिलं, इनव्हॉइस गिऱ्हाइकाच्या नावाने आहे, पैसे त्याच्या भावाच्या कंपनीने पाठवलेत. तिकडे असंच चालतं.

निवृत्त_बँकवाला
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! तुम्ही भलतंच नाव शोधलंत. पैसे पाठवणाऱ्याचं शोधा. तेही नाही सापडलं तरी निर्धास्त होऊ नका. यादीतल्या लोकांची मिळून ५० टक्के मालकी असली की कंपनी आपोआप ब्लॉक, दोघांचे २५-२५ असले तरी. ही बेरीज २०१४ पासून धरतात. त्या कंपनीचं ट्रेड लायसन्स, भागधारकांची यादी, मालकांच्या पासपोर्टच्या प्रती मागवा. नाव सारखं असलं तरी जन्मतारखेवरून माणूस वेगळा ठरतो. सोबत बीएल (बोटीने माल पाठवल्याची पावती) आणि भावाने पैसे का भरले याचं पत्र.

विमा_सल्लागार
ईसीजीसीची (निर्यातीचे पैसे बुडण्याचा विमा देणारी सरकारी कंपनी) पॉलिसी घ्या, निर्यातदारांनी आळस करू नये.

निर्यात_डेस्क
त्यांनी ते विचारलेलं नाही. @हळदवाला, कागद शाखेत नुसते टाकून येऊ नका, बँकेच्या कम्प्लायन्सला (नियमपालन विभाग) ईमेल करा आणि पोच घ्या.

हळदवाला_सांगली
ईमेल केला, बीएल आणि इनव्हॉइस जोडलं. भागीदार कोण विचारलं तर गिऱ्हाईक म्हणतो, 'त्याची काय गरज?' उद्या दुसरा कंटेनर भरायचाय.

निवृत्त_बँकवाला
भरू नका. भागधारकांची यादी हातात येईपर्यंत पोती गोदामातच राहू द्या.