मुलींच्या खासगी शाळेत आठवीच्या प्रवेशासाठी परीक्षा घेता येते का?

प्रश्न : आमची मुलगी राजारामपुरीतील शाळेत सातवीत शिकते. तिला पुढे विज्ञान शाखेकडे जायचे असल्याने आम्ही मुलींची एक खासगी शाळा पाहिली. परंतु तेथे आठवीच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षा आणि पालकांची मुलाखत सांगितली आहे. हे नियमात बसते का?

उत्तर 1 : बसत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 13 नुसार आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही आणि देणगीही मागता येत नाही. मात्र शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालामुळे हा कायदा तिला लागू होत नाही. तेव्हा ते आधी विचारून घ्यावे.

उत्तर 2 : ताई, प्रवेशाइतकेच तिथले शिकवणे पाहा. प्रयोगवह्या मागून घ्या. सगळ्या वह्यांत निरीक्षणे शब्दशः सारखी असतील, तर मुलींनी प्रयोग स्वतः केलेला नाही, असे समजावे. आठवीपासूनच 'नीट'ची तयारी करून घेणाऱ्या शाळा मला मनापासून खटकतात, कारण ती परीक्षा अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असते आणि या वयात गणिताचा पाया व वाचनाची गोडी यांना वेळ मिळायला हवा.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. शाळेकडे लेखी विचारणा करते.