'पानी' म्हणणारं पोर चुकत नाही
मुलीने उपयोजित भाषाविज्ञान (भाषेचा अभ्यास शिकवण्यासारख्या प्रत्यक्ष कामात वापरणारा विषय) घेऊन करायचं काय, असं तुम्ही पालक म्हणून विचारलंय. मी नवी मुंबईतल्या घणसोलीत शिकवण्या घेते. इथल्या मूळ आगरी समाजाच्या घरातली मुलं 'पाणी', 'डोळा' यांना 'पानी', 'डोला' म्हणतात आणि अशुद्ध ठरतात. ती चूक नाही, बोलीचा नियम आहे: ण चा न, ळ चा ल. हे ज्याला कळतं तो शिक्षक पोराला गप्प न करता प्रमाण मराठीपर्यंत नेतो. (गप्प झालेलं पोर गणितातही हात वर करत नाही, रोज बघते मी.) अशा अभ्यासाचं एक उदाहरण: गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली सांगलीजवळच्या कुपवाडबद्दल लिहिलं, मराठी, कन्नड, उर्दू शेजारी नांदून त्यांची वाक्यरचना कशी सारखी होत गेली ते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या वसाहतींनी वेढलेल्या गावांत आगरी बोलीचं काय होतंय, हेही कुणीतरी घरोघर बसून नोंदवायला हवं. तुमच्या मुलीला जरूर पाठवा.