पंच्यावरचा १४ नंबर: बडोदेकरांनो, घरचं माणूस 'होम'मध्ये ठेवल्याचे अनुभव सांगा

सुरसागरकाठ

काल फरशी पुसायला जुनं कापड शोधत होते तर हाती बाबांचा पंचा आला. कोपऱ्यात न जाणाऱ्या शाईने १४ लिहिलेलं. बाबा वाघोडिया रोडकडच्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या एका होममध्ये सव्वादोन वर्षं होते, खोली १४, त्यामुळे बनियन, लेंगे, पंचे सगळ्यांवर १४. धुण्यात अदलाबदल होऊ नये म्हणून. तरी व्हायचीच. एकदा गेले तर बाबा २२ नंबरचा स्वेटर घालून बसलेले, आणि खुशीत, कारण तो त्यांच्या स्वेटरपेक्षा ऊबदार होता. २२ नंबरवाल्या काकांनी महिनाभर मागितला नाही. फरशी राहिली, मी तिथेच बसले.

मी रोज रात्री साडेआठला फोन करायचे. सिस्टर सांगायची, "दादा मजामां छे, जमीने सूई गया." रोज तेच वाक्य, मी पण लगेच फोन ठेवायचे. एका बुधवारी दांडिया बाजारातलं काम लवकर उरकलं म्हणून न सांगता गेले. बाबांना कुशीवर करा म्हटलं, पाठ पुसून देते. माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम, एकाच कुशीवर पडून राहून होते ती, कडा काळ्या पडलेल्या. "कालच दिसली" म्हणे. आमच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, आठ-दहा दिवसांची तरी आहे.

खूप चिडले, मग घरी येऊन विचार केला की ती मुलगी खोटं कुठे बोलत होती? बाबा जेवले होते, झोपलेही होते. मी दुसरं काही कधी विचारलंच नव्हतं. त्यानंतर कूस किती वाजता बदलली, पाणी किती गेलं, लघवी किती वेळा झाली असं विचारायला लागले. आधी वैतागली, मग तिने स्वतःच एक वही दोरीने पलंगाला बांधली. जखम भरायला अडीच महिने लागले. पुन्हा झाली नाही.

चांगलं वाईट दोन्ही लिहा. होमची नावं नकोत, धाग्यावर भांडणं होतात.

वांगेभरीत

अगदी अगदी. सासूबाईंचं लिहायचंय पण कुकर लावलाय, येते.

कमाटीबागेतलं माकड

आमची आजी गोत्रीकडे होती. स्मृती गेली तशी तिची गुजराती पण गेली. पन्नास वर्षं मांडवीत भाजीवाल्यांशी हुज्जत घातली होती गुजरातीत, आणि शेवटी फक्त लहानपणचं मराठी उरलं. तिची बेन, म्हणजे होममधली सांभाळणारी बाई, छोटा उदेपूरची, तिला मराठी शून्य.

एक दिवस बेनचा फोन, बा ने कोईने मळवुं छे (आजीला कुणाला तरी भेटायचंय), सवारथी मळ मळ करे छे. मी ऑफिसातून हाफ डे टाकून पळालो, वाटलं शेवटची भेट. पोचलो तर आजी म्हणते "मेल्या, सकाळपासून मळमळतंय, कुणी लिंबू देईना."

कच्ची कैरी

😂😂 देवा

कमाटीबागेतलं माकड

हसू नका हो, उलटी होऊन गेली होती तोवर तिची. पण त्या बेनने मग माझ्याकडून वीसेक शब्द लिहून घेतले, गुजराती लिपीत. दुखतंय, गरगरतंय, सोड, गार, नको, मळमळतंय. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आजी गेल्यावर सामान आणायला गेलो तर तो कागद तिने काढून ठेवलेला, म्हणाली बीजा मराठी बा आवशे तो काम लागशे (दुसरी मराठी आजी आली तर उपयोगी पडेल).

सुरसागरकाठ

हे वाचून पाणी आलं डोळ्यांत. आमच्याकडे हा प्रश्न आला नाही, बाबा शेवटपर्यंत गुजरातीतच शिव्या देत होते.

न्यायमंदिर

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आईवडिलांना असं ठेवायची वेळच का येते? आम्ही आईला शेवटपर्यंत घरी सांभाळलं. अकरा वर्षं.

कच्ची कैरी

आम्ही म्हणजे कोणी?

न्यायमंदिर

म्हणजे मिसेसनी. आणि दिवसाची आया होती.

कच्ची कैरी

मग वहिनींना लिहायला सांगा ना इथे.

एडिसनवासी

मी दूरचा, अमेरिकेत. आईशी दर रविवारी तिकडच्या सकाळी नऊला व्हिडिओ कॉल असायचा. प्रत्येक वेळी आई वेणी घातलेली, पावडर लावलेली, निळी साडी. मला आनंद. तीन महिन्यांनी बायको म्हणाली, दर वेळी तीच साडी कशी रे? मावसभावाला बुधवारी चार वाजता पाठवलं. आई ओल्या गाऊनमध्ये, पंखा बंद, घंटीचं बटण पलंगाखाली पडलेलं. रविवारचा सगळा थाट माझ्यासाठी होता.

दुसरीकडे हलवली. तिथली बाई एक गंमत करते, रोज जेवण झाल्यावरच्या ताटाचा फोटो टाकते. वाढलेल्या नाही, उरलेल्या. आई भात सोडते का पोळी ते इथे बसून कळतं. डाळ नेहमी उरते 😄

आणि इकडे सगळं छान असतं असं समजू नका. असिस्टेड लिव्हिंगचं (म्हणजे इथल्या अशा होमचं) भाडं मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, देत नाही, नियम प्रत्येक राज्याचे वेगळे, आणि माणसं इथेही कमीच. माझ्या शेजारणीची आई रात्री दोनला बाहेरच्या लॉनवर सापडली होती.

शेवउसळ एक प्लेट

डाळ उरते कारण गूळ!! आमच्या अण्णांची शुगर होममध्ये गेल्यावर महिनाभर खाली येईना. गोळ्या बदलल्या, इन्सुलिन वाढवलं, शेवटी मी स्वयंपाकघरात जाऊन डाळ चाखली. महाराज (आचारी) म्हणाले गोळ वगर दाळ केवी रीते बने, गुळाशिवाय डाळ कशी होणार.

एडिसनवासी

महाराज चुकले नाहीत. आमची आई घरी आमटीत घालायची तो काय कमी होता.

शेवउसळ एक प्लेट

हो पण तेव्हा अण्णा स्कूटरवर फिरायचे. असो. मग वेगळी वाटी सुरू झाली, चिठ्ठी लावून. चिठ्ठी पडली की गूळ परत.

टाचदुखी

मी फिजिओ आहे, शहरातल्या तीन होम्समध्ये जाते, म्हणून पलीकडचं थोडं सांगते. एका ठिकाणी रात्री सोळा पलंगांना एक बेन आहे. सोळातले सहा पूर्ण अंथरुणाला खिळलेले. त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची. डायपर, चादर, पाठ पुसणं धरून एकेकाला दहा मिनिटं. म्हणजे दर दोन तासांतला एक तास फक्त या सहा जणांचा. उरलेल्या तासात दहा जणांची संडास, घंट्या, एखादे आजोबा जे रात्री एकला ऑफिसला निघतात. ती मुलगी दाहोदची आहे, बारा तासांची पाळी, दिवसाची नाही आली तर चोवीस. आता सांगा वहीत काय लिहिणार. दोन तासांच्या सगळ्या टिका सकाळी सहाला एकदम मारल्या जातात, एकाच पेनने.

बघायला जाल तेव्हा लॉबी आणि बगीचा बघू नका. रात्री किती जणी असतात ते विचारा. आणि तिथल्या कोणा आजींचे मोजे सरकवून टाचा बघा, त्यांची परवानगी घेऊन अर्थात. टाचा लाल असतील तर पाठ कशी असेल ते कळतं.

नातेवाईकांचंही एक. एका आजोबांना गिळायचा त्रास होता, पाणी सुद्धा पावडर घालून घट्ट केलेलं. दारावर पाटी. नातवाने वाढदिवसाला प्रेमाने ढोकळा भरवला. निळे पडले हो. घशातलं ओढून काढायचं सक्शन मशीन होतं म्हणून वाचले. भांडण कोणाशी झालं? बेनशी.

सुरसागरकाठ

एकाच पेनने... माझ्या वहीतला पेन आठवून बघतेय आता.

टाचदुखी

तुमची जखम पुन्हा झाली नाही ना, मग वही खरी होती.

वांगेभरीत

आले. कुकर झाला, पोळ्या झाल्या, लाइट गेली, आली.

सासूबाई, ८१, डिमेन्शिया. होममध्ये दीड वर्ष बऱ्या होत्या. मग एकदम छतावर माणसं दिसायला लागली, रात्रभर हाका. होमवाले म्हणाले मगज फरी गयुं छे, आजार पुढे गेलाय, रात्रीची गोळी चालू केली आहे. आम्ही मान हलवली. पंधरा दिवसांत बाई हनुवटी छातीला लावून बसायला लागल्या, तोंडातून लाळ. मी औषधांचा चार्ट मागितला तर देईनात. माझ्या भाच्याने (एमबीबीएस, तिसरं वर्ष, अतिशहाणा पण कामाचा) फोटो काढून आणला. गोळीपुढे एसओएस लिहिलेलं, म्हणजे लागली तरच. दिली होती रोज, न चुकता. शांत म्हातारी म्हणजे सोपी म्हातारी.

डॉक्टर बदलले, त्यांनी आधी लघवी तपासायला पाठवली. जोरदार इन्फेक्शन! म्हाताऱ्या माणसांत ताप न येता नुसता गोंधळच वाढू शकतो म्हणे. अँटिबायोटिक दिलं, गोळी हळूहळू काढली. सहाव्या दिवशी मला म्हणाल्या, "भाजीत मीठ टाकायला शिकलीस का अजून?" इतका आनंद मला लग्नानंतर पहिल्यांदा झाला त्यांच्या बोलण्याचा.

कच्ची कैरी

शेवटचं वाक्य फ्रेम करा.

रावपुरा पोस्ट

कायद्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. २००७ चा ज्येष्ठांचा कायदा आहे, त्यात पोटगीसाठी न्यायाधिकरण, आणि प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान दीडशे जणांचं एक वृद्धाश्रम राज्याने काढावं असं कलम १९ आहे. पण आपण पैसे भरून ठेवतो त्या जागांचा दर्जा कोण बघणार, यावर त्यात फारसं काही नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं. केअर होमची आणि घरी माणसं पाठवणाऱ्या एजन्सीची नोंदणी, किमान दर्जा, सगळं होतं त्यात. पासच झालं नाही. त्याच वर्षी केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने रिटायरमेंट होम्ससाठी नमुना नियमावली काढली, ती राज्यांनी घेतली तरच लागू. तक्रार करायची झाली तर १४५६७ ही एल्डरलाइन आहे, बिनपैशाची.

मी स्वतः करारावर भांडून डिपॉझिट परत मिळवलं, आठ महिन्यांनी. सही करण्याआधी परताव्याचं कलम वाचा, माणूस वारल्यावर कोणाला वाचायचा उत्साह नसतो.

मांजलपूरकर

डायपरचं कोणी बोलेना. आमच्या बिलात महिन्याला १२० डायपर. रोजचे चार. मी वेड्यासारखा एका आठवड्यात कपाटातले मोजले, रोज दोनच कमी होत होते. विचारलं तर चूप. मग मी विकत आणून द्यायला लागलो, प्रत्येकावर मार्करने तारीख टाकून. बायको म्हणाली हिशेबनीस झालायस. पण त्रास पैशाचा नव्हता हो. दोनच बदलत होते म्हणजे बारा बारा तास बाबा तसेच.

सुरसागरकाठ

😔

विश्वामित्रीकाठचा

माझं उलटं आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी आत्याच्या होमविरुद्ध तीन पानी तक्रार लिहून तयार ठेवली होती. चहा थंड, चादरी आठवड्याने, मॅनेजर उर्मट, सगळं मुद्द्यांसकट. प्रिंट काढायची राहिली आणि पूर आला. आत्या तळमजल्यावर, कमरेखाली हालचाल नाही. आमच्याच सोसायटीत पाणी, मी अडकलेलो, फोन लागेना.

दोन दिवसांनी कसाबसा पोचलो. नऊ माणसांना दोन बेन आणि एका माळ्याने गादीसकट जिन्याने वर नेलं होतं, काळोखात. लाइट नाही म्हणजे एअर मॅट्रेस (पंपावरच्या हवेच्या गाद्या) बसलेल्या, तर दर तासाला उशा बदलत होत्या. बिस्किटं, भिजवलेले पोहे. त्यांची बदली यायला रस्ताच नव्हता. मॅनेजर तिसऱ्या दिवशी आला, गमबूट घालून.

आत्याला विचारलं घाबरलीस का. म्हणाली, "मगर बघायची राहिली."

तक्रार अजून कॉम्प्युटरमध्ये आहे. चहा थंडच असतो.

कमाटीबागेतलं माकड

आमच्या गल्लीत आली होती मगर. आत्याला व्हिडिओ दाखवा, पाठवू का?

विश्वामित्रीकाठचा

पाठवा पाठवा. तिला खरंच आवडेल.

शेवउसळ एक प्लेट

अवांतर, पुरानंतर आमचा शेवउसळवाला दहा दिवस बंद होता तो काळ सगळ्यात कठीण गेला.

मांडवीची लेक

आमचे बाबा होममध्ये गेले आणि सुधारले, हेही लिहिते. घरी टीव्हीसमोर नुसते. तिथे तीन भिडू मिळाले, रमी. गणपतीला घरी आणायला गेले तर म्हणाले दीड दिवसाचा आहे ना, मग आरतीला येतो, रात्री परत सोड, डाव अर्धा आहे. मी रिक्षात रडले. राग की आनंद अजून ठरलं नाही.

न्यायमंदिर

मिसेसना वर लिहिलेलं वाचून दाखवलं. ती म्हणाली टाचांचं खरं आहे. आणि म्हणाली की अकरा वर्षांत ती एकदाही माहेरी राहायला गेली नाही, हे लिहा. लिहिलं.

कच्ची कैरी

वहिनींना नमस्कार सांगा.

गोधडी

विषयाला सोडून, माफ करा. मामा परवा हॉस्पिटलातून घरी येतायत, पाठ लाल झालीय. एअर मॅट्रेस कुठली घ्यावी? भाड्याने मिळते का कारेलीबागेत?

सुरसागरकाठ

विकत घेऊ नका, माझ्याकडे बाबांची पडून आहे. पंप चालतो, थोडी घरघर करतो, लाइट गेली की हवा बसते तेव्हा उशा जवळ ठेवा. व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

गोधडी

खूप आभार 🙏 रविवारी येऊ? टेम्पो करावा लागेल का?

सुरसागरकाठ

टेम्पो कशाला, हवा काढून गुंडाळली की ॲक्टिव्हावर पायाशी मावते. अकरानंतर या, सकाळी पाणी भरायचं असतं.