सरेंडर डीडवरची एक खूण: दत्तक गेलेल्या मुलाला जन्मदाती कळायला हवी का?

कोरांटी

आई बाळाला दत्तकासाठी सोपवते तेव्हा बाल कल्याण समितीपुढे सरेंडर डीडवर सही करते. त्या नमुन्यात एक ओळ आहे. मूल मोठं होऊन आपल्या मुळांचा शोध घेत आलं, तर माझं नाव-पत्ता त्याला सांगावा किंवा सांगू नये, जे लागू असेल त्यावर खूण करा. बहुतेकदा बाळंतपण नुकतंच झालेलं असतं, सोबत आलेलं माणूस घाई करत असतं. अशा वेळी केलेली ती खूण पुढे एका माणसाच्या जन्मभर पुरते. मूल परत मागायचं असेल तर आईला साठ दिवसांची मुदत आहे. खुणेचा फेरविचार कधी करायचा, याला मात्र अशी कुठलीही मुदत ठरलेली नाही.

२०२२ च्या दत्तक नियमनानुसार अठरा वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती 'कारा'कडे, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाकडे, स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकते. वय कमी असेल तर दत्तक आईवडिलांसोबत. आईने गुप्तता मागितली असेल तर तिची लेखी संमती घ्यायची. ती नाही म्हणाली किंवा सापडलीच नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपवलं गेलं तेवढंच सांगायचं. आणि वर स्पष्ट लिहिलंय की मुलाच्या हक्कामुळे जन्मदात्या पालकांच्या खासगीपणाला धक्का लागता कामा नये.

हा क्रम मला चुकीचा वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला. त्याच्या सातव्या कलमात मुलाला शक्य तितपत आपले आईवडील कोण हे कळण्याचा हक्क दिला आहे. आपला १९५६ चा हिंदू दत्तक कायदा तर आणखी पुढचं बोलतो: जन्मकुळात राहिला असता तर ज्या व्यक्तीशी लग्न करता आलं नसतं, तिच्याशी दत्तक गेल्यावरही करता येणार नाही. जन्मकुळच ठाऊक नसेल तर हे बंधन पाळायचं कसं?

माझं म्हणणं एवढंच: ओळख कळणं आणि भेट होणं या दोन गोष्टी वेगळ्या करा. अठराव्या वर्षी मागितलं तर नाव मिळावं. भेटायचं की नाही हे आईने ठरवावं. इंग्लंडमध्ये १९७५ च्या कायद्यापासून दत्तक व्यक्तीला अठरा पूर्ण झाल्यावर मूळ जन्मदाखला मिळू शकतो.

दगडफूल

पूर्ण असहमत. ओळख वेगळी आणि भेट वेगळी हे कागदावर ठीक आहे. नाव, गाव आणि साधारण वय हातात आलं की बाई शोधायला आज किती वेळ लागतो? गावात पोचून नुसती चौकशी केली तरी तिचं जे व्हायचं ते होऊन जातं. मग भेट नाकारण्याचा तिचा हक्क घेऊन करायचं काय?

सोपवणाऱ्या आया कोण असतात तेही बघा. त्यात अल्पवयीन मुली असतात. पोक्सोखाली, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा नोंदला असेल तर पीडितेची ओळख उघड करण्यावर कायद्यानेच बंदी आहे. त्याच मुलीचं नाव दुसऱ्या कायद्याने अठरा वर्षांनी हातात द्यायचं का? तोवर ती पस्तिशीच्या आसपास असेल, लग्न झालेलं असेल, आणि घरात कुणाला माहीत नसेल.

गुप्ततेची खात्री गेली की समितीपुढे यायचं धाडस कोण करेल? उरतो तो बसस्टँड, देवळाची पायरी, नाहीतर उकिरडा. फ्रान्समध्ये आजही बाई नाव न सांगता बाळंत होऊ शकते. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २००३ मध्ये तो कायदा उचलून धरला. तिथे २००२ पासून एक सरकारी मंडळ मध्यस्थ म्हणून काम करतं: आईला गाठून विचारतं, आणि ती हो म्हणाली तरच नाव सांगतं. आपलं नियमन त्याच वळणावर आहे आणि तिथेच राहावं.

कोरांटी

उकिरड्याचा मुद्दा नेहमी येतो, पण ज्या बाईला कुणासमोरच यायचं नाही तिच्यासाठी संस्थेबाहेर ठेवलेला पाळणा आहे. बाळ ठेवायचं, घंटा वाजवायची, निघून जायचं. तिथे नावच घेतलं जात नाही, तेव्हा कळण्याचा प्रश्नही येत नाही. सरेंडर डीडवर सही करणारी बाई ओळख सांगूनच आत आलेली असते.

पोक्सोचा अपवाद मान्य, बिनशर्त. पण सगळ्यात कठीण प्रकरणासाठी लागणारं कुलूप सगळ्याच दारांना लावायचं कशाला? नवरा वारला, आधीच तीन मुलं आहेत, म्हणून चौथं सोपवलं, अशीही आई असते. तिने 'सांगू नये'वर खूण केली तेव्हा तिला नेमकं काय समजावलं होतं, हे कोण सांगणार?

रेकॉर्डरूम

दोघंही असं बोलताय की फाइलमध्ये खरं नाव आहेच, द्यायचं की नाही एवढंच ठरवायचंय. आधी फाइलमध्ये काय असतं ते पाहू.

अर्ज 'कारा'कडे गेला तरी शोध लागतो तो विशेष दत्तक संस्थेच्या कपाटात. मागायचे कागद: प्रवेश नोंदवहीतलं ते पान, सरेंडर डीड, समितीचा आदेश, मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त झाल्याचं प्रमाणपत्र, बाल अभ्यास अहवाल, वैद्यकीय तपासणी अहवाल आणि दत्तक आदेश. सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश जिल्हाधिकारी देतात, त्याआधी कोर्ट देत असे. संस्था बंद पडली असेल तर कोर्टाची फाइल हाच मोठा आधार. परदेशी गेलेल्या जुन्या मुलांचं दत्तक १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली पालकत्वाचा आदेश घेऊन होत असे. परदेशी दत्तकासाठी नियम घालून देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे निकालानंतर त्या प्रकरणांत छाननी संस्थेचा अहवालही जोडलेला सापडतो. तो जरूर मागवावा. संस्थेने स्वतःच्या फाइलमध्ये न ठेवलेले तपशील कधी कधी त्यात असतात.

मूल टाकलेलं आढळलं असेल तर आईचं नाव शोधण्यात अर्थ नाही. तिथे कुठे, कधी, कुणाला सापडलं हे पाहायचं: पोलीस ठाण्यातली नोंद आणि पालकांच्या शोधासाठी वर्तमानपत्रात दिलेली जाहिरात. आत्ताच्या नियमांनुसार ती फोटोसह द्यावी लागते.

आता चुकतं कुठे. नाव खोटं असतं. नाव खरं आणि गाव खोटं असतं. दवाखान्यात एक नाव, डीडवर दुसरं. दत्तकानंतरच्या जन्मदाखल्यावर दत्तक आईवडिलांचीच नावं येतात, म्हणून तो शोधाला निरुपयोगी. सगळ्यात मोठी पोकळी बापाची. लग्नाबाहेर झालेलं मूल एकटी आईच सोपवू शकते, तिथे बापाची सही लागत नाही. म्हणजे कोरांटींच्या म्हणण्याप्रमाणे कायदा बदलला तरी उघडं पडणार ते आईचंच नाव. पुरुष त्या कागदात आलेलाच नसतो.

आणखी एक. हे सगळं बाल न्याय कायद्यातून झालेल्या दत्तकाचं. नात्यात, हिंदू दत्तक कायद्याने, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दत्तकपत्रावर देणारे आणि घेणारे दोघांच्या सह्या असतात. तिथे गुप्तता आधीपासूनच नाही. लग्नाच्या बंधनाचं जे कलम कोरांटींनी दिलं ते याच कायद्यातलं आहे, त्यामुळे तो मुद्दा इथे तितकासा चालत नाही.

शेवंती

बापाच्या पोकळीवरून डीएनएकडे येते. घरी किट मागवून लाळेचा नमुना पाठवणारे परदेशस्थ दत्तक आता बरेच आहेत, आणि त्याला ना कारा लागतं ना आईची संमती. पण मर्यादा समजून घ्या. दोघांत किती डीएनए सारखा आहे, ते सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. आई किंवा बाप असेल तर सुमारे ३४००. सतराशेच्या आसपास आकडा आला तर सावत्र भावंड (आई किंवा बाप एकच असलेलं), मावशी, काका किंवा आजी, यांपैकी कुणीही असू शकतं. नुसत्या आकड्यावरून ठरत नाही, वय पाहावं लागतं. भारतातून नमुने दिलेली माणसं थोडी, त्यामुळे जुळतात ते बहुधा अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये गेलेले लांबचे चुलतभाऊ. त्यात आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या जातीतच लग्नं झाली, म्हणून लांबचं नातं आकड्यात जवळचं दिसतं. 'दुसरा चुलतभाऊ' (सेकंड कझिन, म्हणजे पणजोबा-पणजी एकच असलेला) असा निकाल आला की एक-दोन पायऱ्या लांबचाच धरून चाला.

वैद्यकीय इतिहासासाठी आईचं नाव हवं, हा युक्तिवाद इथे अजून आला नाही, पण येईल म्हणून आधीच सांगते: तो अर्धाच खरा आहे. थॅलेसेमियाचा वाहक आहे का, हे स्वतःच्या रक्तातूनच कळतं. एचपीएलसी या, हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीत हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की संशय घ्यायचा. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेललाही आईवडील लागत नाहीत. मात्र स्तनाच्या कॅन्सरसाठी जनुक तपासलं आणि अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा बदल आला, तर घरात कुणाला, कितव्या वर्षी कॅन्सर झाला हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथे माहिती लागतेच, पण नाव नाही. आईकडून दर पाच वर्षांनी आजारांची यादी संस्थेमार्फत घेता आली तर हा प्रश्न नावाशिवाय सुटतो.

उंबरठा

ज्या 'लेखी संमती'वर तुम्ही सगळे थांबलात, ती घ्यायला कोण जातं आणि कसं, यावर सगळं अवलंबून आहे. तीस वर्षांनी त्या बाईच्या दारात उभं राहण्याची रीत नीट नसेल तर नियम कुठलाही करा, नुकसान ठरलेलं.

पत्र कधीच पाठवायचं नाही. संस्थेचं नाव छापलेलं पाकीट तर नाहीच. ते दुसरंच कुणीतरी फोडतं. पोलीस, ग्रामसेवक, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका यांच्यापैकी कुणालाही विचारायचं नाही. एकट्या समाजसेविकेने जायचं, संस्थेचा फलक लावलेल्या गाडीतून नाही, आणि शक्यतो माहेरच्या गावी न जाता बाई आता राहते तिथे. आधी मतदार यादीवरून नाव आणि वय जुळतंय का ते पाहायचं. मग एकटी भेटल्यावर विषय न काढता दोन गोष्टी पडताळायच्या: जन्माची तारीख आणि दवाखान्याचं गाव. दोन्ही तिच्या तोंडून आल्यावरच पुढे बोलायचं. घरात दुसरं कुणी असेल तर फोन नंबर देऊन परत फिरायचं. पहिल्या भेटीत हो-नाही मागायचंच नाही. पहिला नकार बहुतेकदा भीतीचा असतो, म्हणून काही आठवडे द्यावेत, तिला हवं तिथे पुन्हा भेटावं. दुसऱ्यांदा नाही म्हणाली तर लिहून घ्यावं आणि विषय बंद. तिसऱ्यांदा जाऊ नये.

त्रयस्थामार्फत शोधाला नियमात बंदी आहे, ती याचसाठी हवी. पैसे घेऊन शोध लावणारा माणूस आधी चावडीवर जातो. पण मराठीचा शब्द न येणारी, डेन्मार्कमध्ये वाढलेली व्यक्ती स्वतः येऊन जिल्ह्याच्या कार्यालयात कागद कशी मागणार? तिच्यासोबत प्रशिक्षित समाजसेवक द्यायची सोय नसेल, तर ही बंदीच तिला गैरमार्गाकडे ढकलते.

पाटीपेन्सिल

न्यायालयानेच काढलेली एक वाट नोंदवतो. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला बापाचं नाव जाहीर न करता पालकत्व मागण्याची मुभा दिली. पण मुलाच्या कळण्याच्या हक्काचं भान ठेवून बापाचा तपशील तिच्याकडून घेतला आणि लिफाफ्यात सीलबंद केला. तो न्यायालयाच्या खास आदेशाशिवाय उघडायचा नाही. दत्तकातही तेच करता येईल. नाव खरं आहे याची खात्री सहीच्या वेळीच करा, मग सीलबंद ठेवा. उघडायचं की नाही ते प्रकरण पाहून ठरेल.

दात्याचे शुक्राणू किंवा स्त्रीबीज वापरून झालेल्या मुलांसाठी एवढंही नाही. २०२१ च्या सहाय्यित प्रजनन कायद्याने मूल त्या जोडप्याचंच मानलं जातं आणि दात्याचे हक्क संपतात. क्लिनिकने नोंदी दहा वर्षं ठेवून राष्ट्रीय नोंदवहीत जमा करायच्या आहेत. म्हणजे माहिती राहील, पण अठराव्या वर्षी ती मागायला मुलाला दार नाही. स्वीडनने दात्याची ओळख १९८५ पासून मुलाला खुली केली.

कोरांटी

रेकॉर्डरूम, लग्नाच्या कलमाबद्दल तुमची दुरुस्ती मान्य. उंबरठा यांचं वाचून माझी मागणीही बदलते. साठाव्या दिवशी आईला पुन्हा बोलवा, सोबतच्या माणसांना बाहेर बसवा आणि खुणेचा प्रश्न तिला परत विचारा. तिच्यापर्यंत पोचायचा मार्ग तिनेच सुचवावा: बहीण, मैत्रीण, एखादा फोन नंबर. आजारांची माहिती आणि मुलासाठी चार ओळी, नाव न घालता, सगळ्यांकडून घ्या. हे सक्तीचं करा. अठराव्या वर्षी नाव मिळावं हे मात्र मी सोडत नाही. पोक्सो वगळून.

दगडफूल

साठाव्या दिवसाला माझी हरकत नाही, तो उद्यापासून सुरू व्हावा. सीलबंद लिफाफ्यालाही नाही. अठराव्या वर्षी नाव आपोआप देण्याला हरकत आहे आणि राहील. पोक्सोचा गुन्हा नोंदवायला जिला कुणी पोलीस ठाण्यात नेलंच नाही, तिच्या डीडवर 'अविवाहित' एवढंच लिहिलेलं असतं. तुमचा अपवाद तिच्यापर्यंत पोचत नाही.