सशासाठी वीस बोर? आधी मारणार काय ते सांगा

सडेकर:
काल इथे एकाने लिहिलं, 'कोकणात घरोघरी हलकी वीस बोर बंदूक हवी. धक्का कमी, बायकापोरांना झेपते. ससा, लावा, रानकोंबडा यांना बारा बोर कशाला?' खाली नुसती वाहवा. मला राहवलं नाही.

बंदुकीचं वर्णन बरोबर आहे. बोरचा आकडा मोठा तितकी नळी बारीक: बाराची नळी साडेअठरा मिलिमीटरची, विसाची साडेपंधराच्या जरा वर. वजनही साधारण अर्धा किलो कमी. पण मारणार काय? 1972 च्या वन्यजीव कायद्यात लहान शिकारीचा वेगळा परवाना होता, तो 1991 च्या दुरुस्तीत गेला. ससा धरा, लावा धरा, सगळे संरक्षित. पीक राखायला मिळालेल्या बंदुकीच्या, म्हणजे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर सशाचं मटण शिजवलंत तर परवाना जाईल, बंदूक जाईल, वर तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि लाखापर्यंत दंड. हे न सांगता पोरांना बंदुकीची गोडी लावणं चूक आहे.

आणि ज्यांच्या घरी बारा आणि वीस दोन्ही आहेत त्यांनी हे नीट वाचा. विसाचं काडतूस चुकून बाराच्या नळीत गेलं की पुढे सरकून अडकतं. चाप ओढला तर बार होत नाही. माणसाला वाटतं, नळी रिकामीच आहे. तो मागून बाराचं घालतो आणि नळी फुटते. डावा हात नेमका तिथेच असतो. म्हणून तर विसाची काडतुसं पिवळी करतात. आजोबांच्या डब्यातल्या रंग उडालेल्या काडतुसांचा पिवळा रंग रात्री बॅटरीच्या उजेडात ओळखून दाखवा.

काजूवाला:
ते मीच लिहिलं होतं. वीस बोर आमच्या आजोबांची, परवाना वारसाने माझ्या नावावर, सगळं रीतसर. मला कायदा शिकवू नका. वालाला दोन पानं फुटली की ससे वाफेच्या वाफे साफ करतात, ते तुम्ही येऊन राखणार का?

बंदूक बंद केलीत म्हणून शिकार थांबली का? फासक्या वाढल्या. गाडीच्या क्लचची वायर दोन रुपयांच्या वस्तूसारखी कुठेही मिळते. लावतात डुकरासाठी आणि सापडतो बिबट्या. फासकीला डोळे नसतात. बंदूकवाला निदान बघून मारतो.

पाणंदीवरची:
बघून मारतो? माझ्या मामाच्या मांडीत अजून छर्रे आहेत. एक्स-रे काढला की पांढरे ठिपके दिसतात. आपल्याच वाडीतला माणूस, रात्रीची वेळ, झुडूप हललं आणि याला वाटलं डुक्कर. मामा परसाकडून परत येत होता. वर 'जंगलात पडलो' असं सांगायला लावलं, कारण परवाना एकाचा आणि बंदूक दुसऱ्याच्या हातात. हलकी बंदूक म्हणे बायकापोरांना झेपते! आम्हा बायकांना मध्ये घेऊ नका. आम्ही रात्रभर दाराशी बसून वाट बघतो.

माडवाला:
सशाचा काय घेवन बसलास? आमच्याकडे वांदरांनी माड रिकामे केल्यानी. तेंका कोण आवरतला?

भातशेती:
वानर राहू द्या, मूळ दुखणं कुणी बोलतच नाही. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा! 2024 चं बघा. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली ती जूनपर्यंत, म्हणजे आख्खा आंबा-काजू. विधानसभेची 15 ऑक्टोबरला, भात कापणीला आलेलं. एकाच वर्षात दोन्ही हंगाम बिनबंदुकीचे. डुक्कर मतदान बघून थांबतं का? बंदूक परत मिळाली तेव्हा नळीला आतून गंज. कोपऱ्यात ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेली. तेलाचं बोट कोण लावणार?

सडेकर:
सरसकट जमा करायची नाहीच. मुंबई उच्च न्यायालयाने 2009 सालीच सांगितलंय, निवडणुकीत कुणाची बंदूक जमा करायची ते ठरवणाऱ्या छाननी समितीने प्रत्येक परवाना वेगळा तपासायचा. अर्ज करायचा होता.

भातशेती:
तुम्ही कधी ठाण्यात उभे राहिलात? मी अर्ज लिहून नेला होता. 'आधी बंदूक ठेवा, अर्जाचं मग बघू.' निकालाची प्रत खिशात घेऊन हुज्जत घातली की पुढच्या नूतनीकरणाला चारित्र्य पडताळणी त्याच ठाण्यातून येते. शहरात बसून कलमं फेकणं सोपं असतं.

सडेकर:
मी शहरात नाही, सड्यावरच राहतो आणि डुकरं माझ्याही वरीत येतात. आवाज खाली.

काजूवाला:
मग सांगा ना, डुक्कर कसं मारता? वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. कलम 11 खाली वन खात्याची लेखी परवानगी हवी, आणि ती येईतो भात आडवं. सरकार एका हाताने 'शेतीसंरक्षण' लिहिलेला परवाना देतं आणि दुसऱ्या हाताने चाप धरून ठेवतं. मी सशावर बोललो म्हणून सगळे तुटून पडलात. यावर कोण बोलणार?

सडेकर:
यावर तुमचं खरं आहे, आणि हे मला तुमच्याशी बोलताना म्हणावं लागतंय याचा त्रास होतो. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्याला हंगामात परवानगी आठवड्याच्या आत मिळाली पाहिजे आणि ठाण्यातली बंदूक कापणीआधी घरी आली पाहिजे. या दोन मागण्यांचं निवेदन लिहा, पहिली सही माझी. पण त्यात ससा घातलात तर सही करणार नाही.

काजूवाला:
ससा काढतो. वाल तुमच्या दारात आणून टाकतो, राखा.

पाणंदीवरची:
तिसरी मागणी घाला. परवाना ज्याचा, बंदूक त्याच्याच हातात. नाहीतर माझी सही नाही.