पानांआधी उमललेले फूल : हा भुईचाफा की ऑर्किड?

प्रश्न : परसबाग, खानापूर

नमस्कार. आमचे घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सावंतवाडीच्या मावशींनी दोन गड्डे दिले, ते मी परड्यात लावले. पाने हळदीच्या वळणाची, वरून हिरव्यावर फिकट पट्टे असलेली आणि खालून जांभळट होती. दिवाळीनंतर ती पिवळी पडून नाहीशी झाली, तेव्हा झाड मेले असे समजून मी त्या जागी मेथी टाकणार होते. कामाच्या गडबडीत ते राहून गेले. गेल्या आठवड्यात वळवाचे दोन चांगले पाऊस झाले आणि त्याच उघड्या मातीतून, एकही पान नसताना, सुवासिक पांढरी-जांभळी फुले जमिनीला टेकून उमलली. एक फूल जेमतेम दिवसभर टिकते, मग शेजारून दुसरे येते. सासूबाई याला भुईचाफा म्हणतात. शेजारचे काका मात्र दुभंगलेली जांभळी पाकळी दाखवून हे ऑर्किडच आहे असे ठासून सांगतात. यांतले खरे काय, आणि पानांआधी फूल येण्याचे कारण काय?

उत्तर १ : निवृत्त शिक्षक, टिळकवाडी

सासूबाईंचे बरोबर आहे. ही कॅम्फेरिया रोटुंडा, म्हणजे आल्या-हळदीच्या कुळातली वनस्पती. हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये दिले आणि त्यातला पहिला शब्द जपानपर्यंत जाऊन तेथील वनस्पतींची वर्णने लिहिणाऱ्या एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्याच्या नावावरून आला आहे.

काकांची चूक मात्र समजण्यासारखी आहे, कारण या फुलात जे पाकळ्यांसारखे दिसते त्यातले बरेचसे पाकळ्या नाहीतच. आल्याच्या कुळात सहा पुंकेसरांची मूळ आखणी असते, पण पराग धरणारा पुंकेसर एकच उरतो. दोन वंध्य पुंकेसर एकमेकांना जुळून ती जांभळी, मधोमध चिरलेली ‘पाकळी’ तयार होते, आणखी दोन वंध्य पुंकेसर पांढरे व रुंद होऊन तिच्या वर उभे राहतात आणि सहावा नाहीसा झालेला असतो. खऱ्या पाकळ्या म्हणजे बाहेरचे तीन अरुंद पांढरे पट्टे, ज्यांच्याकडे कोणी पाहतही नाही. खात्री हवी असेल तर कोमेजू लागलेले एक फूल घेऊन टाचणीने उकलावे. परागकोशाच्या दोन कप्प्यांमधून दोऱ्यासारखा बारीक कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, वर गेलेला दिसेल. ऑर्किडमध्ये पुंकेसर आणि कुक्षीवृंत एकजीव होऊन त्यांचा एकच स्तंभ बनतो आणि त्याची ओठासारखी पाकळी ही खरोखरीच पाकळी असते.

आता पानांचे. पावसाळाभर पानांनी केलेले अन्न गड्ड्यात आणि मुळांना लागलेल्या गाठींत साठते, त्यामुळे फुलण्यासाठी या झाडाला पानांची वाट पाहावी लागत नाही. ही शिदोरी उन्हाळाभर जमिनीखाली राहते आणि माती तापून तिच्यावर वळीव पडला की आधी फुलांचा कोंब वर येतो, पानांचा नंतर. आपल्याकडच्या जून-जुलैच्या झडीत जमिनीलगतचे असे नाजूक फूल चिखलात बुडाले असते, हेही ध्यानात घ्यावे.

उत्तर २ : भाषाप्रेमी, बेळगाव

वरील माहितीला नावाची एक पुरवणी. कन्नडमध्ये याला ‘नेलसंपिगे’ म्हणतात. नेल म्हणजे जमीन आणि संपिगे म्हणजे चाफा. आपल्या भागात दोन्ही भाषांनी एकाच फुलाला एकच नाव ठेवले आहे. चाफ्याशी याचे नाते मात्र केवळ नावापुरते आहे. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला, हिरवा चाफा सीताफळाच्या आणि देवळापुढचा पांढरा चाफा तर कण्हेरीच्या कुळातला, तोही मूळचा अमेरिकेतला. मराठी माणसाला वास आवडला की तो चाफा, असे म्हणायला हरकत नाही.

उत्तर ३ : शेतकरी, कणकुंबी भाग

आमच्या बांधावर याच सुमारास काळी मुसळीही फुलते, तिची गल्लत करू नये. तिचे फूल पिवळे, सहा पाकळ्यांच्या चांदणीसारखे असते आणि तिचे अंडाशय मातीखाली लपलेले असते. पण तिची पाने फुलांसोबतच दिसतात. रानहळदीचे काही तुरे मात्र पहिल्या पावसात पानांआधी जमिनीतून निघतात, ती या भुईचाफ्याची भाऊबंद.

लागवडीबद्दल अनुभवाने सांगतो. पाने वाळल्यावर पाणी पूर्ण बंद करावे, कारण थंडीत भिजत राहिलेला गड्डा कुजतो. खानापूरच्या तांबड्या, निचऱ्याच्या मातीत काळजी कमी. बैलहोंगल-गोकाककडच्या काळ्या रानात लावायचा असेल तर वाफा वीतभर उंच करून वाळू मिसळावी. गड्डे फोडायचे असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवा कोंब हलण्यापूर्वी. भीमगडच्या अभयारण्यातून कोणतेही झाड उपटून आणणे कायद्याने गुन्हा आहे, हेही सर्वांनी लक्षात ठेवावे. परड्यातलेच वाढवून वाटावे.

परसबाग, खानापूर

सर्वांचे आभार. टाचणीने फूल उकलून काकांना दाखवले. दोऱ्यासारखा कुक्षीवृंत त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिला आणि मार्चमध्ये एक गड्डा आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितले. त्या जागेभोवती मी चार खुणेचे दगड लावले आहेत, म्हणजे हिवाळ्यात तेथे चुकून मेथी पेरली जाणार नाही.