यानाचे सुळके : बेळगावहून आईला घेऊन जमेल का?

मंडळी, ऑक्टोबरात कर्नाटकात कुमठ्याजवळच्या यानाला जायचंय. आईचे गुडघे दुखतात. चालणं किती? जळवा असतात का?

↳ गाडीतळापासून साधारण अर्धा किलोमीटर चाल, शेवटी पायऱ्या. भैरवेश्वर सुळक्याच्या (१२० मीटर) पायथ्याच्या देवळापर्यंत आई सावकाश येतील. मागच्या कपारीत मात्र नेऊ नका. देवळापाशी चपला काढायच्या, आत दगड ओला, त्यावर वटवाघळांची घाण. अनवाणी पाय सटकतो तो तिथंच. मोहिनी सुळका (९० मीटर) खालूनच छान दिसतो. दगड काळा असला तरी चुनखडीचा आहे, पावसानं झिजून टोकदार झालेला. बेसाल्ट (आपल्या सह्याद्रीतला लाव्हाचा काळा दगड) समजून फसू नका!

↳ जळवा ऑक्टोबरातही असतात. पँट मोज्यात खोचा. मीठ नुसतं भुरभुरलं तर ओल्यात वाहून जातं, पुरचुंडीत बांधून लावा. चिकटलेली ओढू नका, जखम वाहत राहते.

↳ कड्यावर आग्या मोहोळं आहेत. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. यानाहून शिरसी साधारण ४० किलोमीटर, कुमठा त्याहून जवळ. पेट्रोल तिथंच भरा. एका दिवसात परतायचा हट्ट नको, शिरसीत मुक्काम करा.